माझ्या वेळेला हळू म्हणू नको

मागच्या दिवाळीत लातूरला भावाकडे आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाली, ताटं उचलली, आणि माझ्या भाचीनं, म्हणजे भावाच्या लेकीनं, मोबाईल हातात घेऊन एक खेळ काढला. प्रत्येकानं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात दुःखी गाणं सांगायचं. ती ते शोधणार, वाजवणार आणि एका यादीत टाकणार. म्हणे प्रवासात ऐकायला. प्रवासात रडायची हौस कुणाला असते मला माहीत नाही, पण तिला होती. भावजयीनं एक जुनं सिनेमातलं गाणं सांगितलं. भावाच्या जावयानं एक गझल सांगितली, आणि त्यातलं अर्धं आपल्याला कळत नाही हेही कबूल केलं. दोन्ही वाजली, सगळ्यांनी माना हलवल्या, वर बडीशेप खाल्ली. मग माझ्या भावाची पाळी आली. तो निवृत्त अभियंता, मुळात मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "माझं आत्याला विचार."

"सांग ना आत्या."

"ते मोबाईलवर न्हाई," मी म्हणलं.

"मोबाईलवर सगळं असतं."

"हे नसतं."

"मग गाऊन दाखव."

"ते असं गात नसतात. त्याला घरात माणूस मरावं लागतं."

भावजयीनं माझ्याकडे बघितलं. सणासुदीला असं अभद्र बोलू नये हे मला कळतं. पण मग विचारावं कशाला? भाचीनं मोबाईल खाली ठेवला आणि बापाकडे बघितलं, आणि बाप उठून हात धुवायला गेला. त्या दिवशी मी तिला काही सांगितलं नाही. आता लिहून देते. वाचायचं तर वाच बाई, नाहीतर दे टाकून.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. तिकडं माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना वाटतं, नुसता आरडाओरडा. तसं नाही ते. त्याला चाल असते, ओळी असतात, ओळीच्या शेवटी लांबवलेला 'गंऽऽ' असतो. परगावची बाई एसटीतून उतरते, गुपचूप चालत येते, आणि मयताचं घर नजरेला पडलं की तिथूनच सुरू करते. गेलेल्या माणसाला नात्यानं हाक मारते, मग त्याचे गुण सांगते. गुण म्हणजे श्रद्धांजलीच्या भाषणातले मोठमोठे शब्द नव्हेत. कोण आता दारात चप्पल झटकून आत येईल गं, कोण भाकरीचा पहिला तुकडा मोडून कुत्र्याला टाकील गं, असे गुण. आणि गुणांबरोबर गाऱ्हाणं. तेही सगळं, अगदी नावानिशी.

याला दोन नियम होते. एक, हेल चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही आणि नंतर मनात धरायचं नाही. दुसरा, रडणारी बाई आपण होऊन थांबत नाही. घरातल्या कुणीतरी येऊन तिच्या तोंडावरून हात फिरवायचा, "उगी, बास आता" म्हणायचं, तांब्याभर पाणी द्यायचं. मग ती थांबते. तोवर कितीही वेळ लागो.

माझी माय या कामात पंचक्रोशीत एक नंबर होती. हे मी अभिमानानं सांगते, कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. तिरडी बांधून तयार असली तरी पुरुष माणसं म्हणत, "ती येऊ द्या, मग उचलू." एकदा गल्लीतली एक सून बाळंतपणात गेली. कुणी काही बोलेना, सगळे देवाच्या मर्जीवर टाकून मोकळे. माझी माय तिच्या उशाशी बसली आणि तिनं हेल काढला, "गाडी दारात उभी होती गंऽऽ माझ्या लेकी, बैल दावणीला होते गंऽऽ, दवाखाना दोन कोसावर होता गंऽऽ, तुला न्यायला कुणाला येळ न्हवता गंऽऽ." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. सासरची माणसं खाली मान घालून ऐकत होती. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण काढता येत नव्हता. गावात पंचायत होती, पाटील होता, पण त्या पोरीच्या बाजूनं त्या दिवशी जे काही बोललं गेलं ते तेवढंच.

मग मी शिकले, मास्तरीण झाले, नांदेडच्या घरात दिली गेले. सगळे कचेरीत नाहीतर शाळेत नोकरीला. मी रोज भोकरला शाळेत जाऊन-येऊन करायची. त्या घरात रडायची सुद्धा रीत होती, रुमाल नाकाला लावायचा आणि डोळे मिटायचे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मुखेडहून माय आली. फाटकातच तिनं सुरू केलं, "इहीणबाई गंऽऽ, माझ्या लेकीला तुम्ही पोटाशी धरलं गंऽऽ." नवऱ्याच्या आत्या, चुलत्या, शेजारपाजार सगळे वळून बघायला लागले. एकीनं दुसरीला कोपर मारलेलं मला दिसलं. मी पुढे झाले आणि मायच्या कानात म्हणलं, "माय, हळू."

ती अर्ध्या ओळीत थांबली. पदर तोंडाला लावून बायकांत जाऊन बसली, दिलेला चहा प्याली आणि तीनच्या गाडीनं परत गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणजे भाच्चे, उद्या तू तुझ्या बापाला दोष देशील, पण सुरुवात माझ्यापासून झाली. लाज वाटायला पहिली मी शिकले, तो माझ्याकडून शिकला.

नंतर भावानं आईवडलांना लातूरला आणलं. कॉलनी नवी होती, घरं एका साच्यातली, तोच रंग, तेच फाटक. वडील तिथंच गेले. मायनं नवऱ्यासाठी मुक्यानं डोळे गाळले. लेकाचं घर, साहेबाचं घर, तिथं आवाज कसा काढणार? माझ्या कानात मात्र म्हणाली, "माझी भैन येईल. ती रडंल माझ्या वाटचं." मावशी मुखेडहून निघाली, अहमदपूरला गाडी बदलली, दुपारी लातूरला पोहोचली. कोपऱ्यावर रिक्षातून उतरली, घर ओळखलं, हेल काढला आणि थेट शेजारच्या घरात शिरली.

शेजारचे काका आमच्याकडे सकाळपासून मदतीला होते. थोडी पाठ टेकावी म्हणून ते घरी जाऊन हॉलमधल्या दिवाणावर तोंडावर चादर घेऊन पडले होते. मावशीनं आव बघितला न ताव, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "दाजी ओऽऽ, कधी चढ्या आवाजात बोलला न्हाईत ओऽऽ, माझ्या भैनीला कधी उपाशी ठेवलं न्हाई ओऽऽ." काका उठून बसले. मावशीची काय अवस्था झाली असेल, विचार कर. पण खरी गोष्ट पुढची आहे. स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. शिकलेल्या बाई, कॉलेजात शिकवलेलं. नवरा धडधाकट समोर बसलेला, आणि कोण कुठली बाई त्याच्या नावानं रडून राहिली. दुसरी कुणी असती तर झाडू उचलला असता. काकू मावशीच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

का, ते त्यांनी मला महिन्याभरानं सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा परीक्षा चालू होत्या, त्या दुसऱ्या दिवशी पोहोचल्या. घर आवरून झालं होतं, सगळे समजुतीच्या गोष्टी बोलत होते, रडायला जागाच नव्हती. "बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "तुमच्या मावशीची चाल कानावर पडली आणि मला माझ्या आईचं उशीवरचं डोकं दिसलं." काका वेगळे. ते सांगत सुटले होते, "मी खरंच मेल्यावर माझ्याविषयी इतकं चांगलं कुणी बोलणार नाही, अजून थोडं बोलू द्यायचं होतं तिला."

मला कुणी विचारलं की दुःखी गाणं माणसाला का लागतं, तर मी काकूंकडे बोट दाखवीन. लोक सुरांचं सांगतात, रागाचं सांगतात, असेल तेही. पण मयताला जमलेल्या बाया मयतासाठी फार थोडं रडतात. प्रत्येकीचं आपलं एक राहिलेलं असतं, आणि दुसरीनं तोंड उघडलं की त्याला वाट मिळते. आणि दुसरं असं, की त्या गाण्यात कुणीतरी खरं बोलतं. तुमच्या मोबाईलमधल्या गाण्यात नशीब असतं, चंद्र असतो, दुनिया बेवफा असते. कुणाचंच नाव नसतं, म्हणून कुणाचंच काही बिघडत नाही. ऐकायचं, डोळे पुसायचे, बडीशेप खायची. हेलात दावणीचे बैल असतात, आणि ते कुणाचे होते हे सगळ्या गावाला माहीत असतं.

पण माझ्या भावाला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कचेरीतले लोक फाटकात उभे, आणि त्याच्या मावशीनं शेजारच्या जिवंत माणसावर हेल काढलेला. मावशी खजील होऊन आमच्या फाटकात आली, पुन्हा सुरू करणार तेवढ्यात त्यानं तिला अडवलं. "मावशी, झालं तेवढं पुरे." वडील तसेच गेले. मायच्या वाटचं रडणं शेजारच्या दिवाणावर सांडलं ते सांडलंच. तेराव्याला भावानं सांगून टाकलं, "हे प्रकार आता या घरात नकोत." मी तिथंच होते. काही बोलले नाही, बोलायला तोंड होतं कुठं मला?

पुढं माय पडली, कंबरेचं हाड मोडलं, ती मागच्या खोलीतल्या पलंगावर आली. मी सुट्टीत जायची. एके दिवशी तिची वेणी घालत होते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला एक सांगू का? माझ्या येळंला हळू म्हणू नको."

इतक्या वर्षांनी. ती विसरली नव्हती.

"मावशी हाय की," मी म्हणलं.

"ती हाय तवर हाय. न्हाईतर तू. मला मुक्यानं धाडू नका."

"मला येत न्हाई माय."

"कुणाला येतं? येळ आली की येतं."

त्यानंतर वर्षभरात मावशी गेली. माय पलंगावरून हलू शकत नव्हती, मी मुखेडला जाऊन आले. आता राहिले मी. आणि या गाण्याची अडचण अशी, की त्याचा सराव करता येत नाही. घरात सगळी जिवंत असताना हेल काढणं अपशकुन. मी तीस वर्षं वर्गात घसा फोडून शिकवलं, कवितांना चाली लावल्या, पण हे एक गाणं एकदाही गुणगुणून बघायची सोय नव्हती. जे व्हायचं ते एकदाच, आणि सगळ्यांच्या देखत.

माय गेली ती सकाळी. तू तेव्हा लांब होतीस, तू पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भावाचा फोन आला. आवाज बसलेला, पण शब्द जागच्या जागी. म्हणाला, "अक्का, शांतपणे ये. लोक येऊन राहिलेत. स्पीकरवर नामस्मरण लावलंय. तसलं काही नको." मी हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही, फोन ठेवला. नवरा गुडघ्याच्या ऑपरेशननं अंथरुणावर होता, मी एकटीच एसटीत बसले. नांदेड ते अहमदपूर मी मनात ओळी जुळवत होते, उद्याच्या पाठाचं टाचण काढावं तशा. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा सगळ्या विसरले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरी का?" मी मान हलवली.

कोपऱ्यावर रिक्षा सोडली. घर दिसलं. मांडव, खुर्च्या, पांढरे कपडे, आणि त्या स्पीकरचा एकसुरी आवाज, मेलेल्यालाही नाही आणि जिवंतालाही नाही. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं, खोकला आला. साठीची बाई मी, रस्त्याच्या मध्ये पिशवी घेऊन उभी, आणि मला वाटलं, झालं, आता मी रुमाल काढणार, नाकाला लावणार आणि आत जाऊन बसणार. माय मुक्यानंच जाणार.

काकू त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं, माझं उघडं तोंड बघितलं. त्या आमच्या मांडवात गेल्या आणि स्पीकरची पिन ओढून काढली.

एकदम सगळं गप्प झालं. त्या गप्पपणात माझा आवाज निघाला. भसाडा, फाटका, मायच्या आवाजाच्या जवळपासही नाही. पण निघाला.

"माय गंऽऽ, मी आले गंऽऽ माय. हळू म्हणणारी लेक आली गंऽऽ. भर दारात तुझं तोंड धरलं मी गंऽऽ, अर्ध्या ओळीत तुला थांबवलं मी गंऽऽ."

आधी स्वतःचं सांगितलं. मग पाय चालायला लागले. खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी मोबाईल वर धरला, धरू दे. भाऊ फाटकात आला, दोन्ही हात पुढे करून, चेहरा पांढरा. "अक्का, बस कर. लोक बघून राहिलेत."

त्यानं नियम मोडला होता. हेलाच्या मध्ये बोलायचं नसतं. मी त्याला उत्तर दिलं नाही, उत्तर मायला दिलं.

"लोक बघून राहिलेत गंऽऽ माय, बघू दे गंऽऽ. लोकांनी बघावं म्हणूनच आले गंऽऽ. बाहेर साहेब बसले की तू मागच्या खोलीत गंऽऽ. तुझी बोली कुणाच्या कानावर पडू नये गंऽऽ. चहाचा कप तुला मागच्या दारानं यायचा गंऽऽ. अन् तू म्हणायचीस, लेक माझा मोठा झाला गंऽऽ."

तो बाजूला झाला. मी आत गेले, मायच्या उशाशी बसले, तिचं डोकं धरलं आणि रडत राहिले. किती वेळ, माहीत नाही. गल्लीतली ती सून सुद्धा आली माझ्या तोंडात, मावशी आली, वडील आले, ज्यांच्या वाटचं कुणी रडलं नव्हतं. मला त्या दिवशी अजिबात लाज वाटली नाही, राग मात्र आला होता. मायच्या जाण्याचा होता, आणि त्याहून जास्त आमच्या नीटनेटकेपणाचा होता. तो राग आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

कॉलनीतल्या बायकांना दुसरा नियम ठाऊक नव्हता. रडणारीला उगी करायला जायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? त्या भिंतीला टेकून आपापल्या पदरात, ओढणीत रडत होत्या. माझा घसा फाटत आला होता आणि थांबवायला कुणी येत नव्हतं.

शेवटी भाऊ आला, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मला वाटलं, आता हा तोंडावरून हात फिरवणार, बास म्हणणार, आणि तिरडी उचलणार. तो माझ्याजवळ जमिनीवर बसला. पुरुष माणसाला हेल नसतो. त्याला रडायचं असलं तरी चाल नाही, ओळ नाही, काहीच नाही. तो खाली मान घालून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "अक्का, माझं पण सांग तिला."

"काय सांगू?"

"मावशी गेली तेव्हा हिला जाता आलं न्हाई. हिनं इथंच पलंगावर हेल काढला. मी खिडक्या लावल्या होत्या. सगळ्या."

हे मला माहीत नव्हतं. मायनं मला हेही कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मग मायकडे तोंड करून म्हणलं, "खिडक्या लावल्या गंऽऽ माय, तुझ्या भैनीचं रडणं तुझ्या लेकानं कोंडलं गंऽऽ. तो इथं बसलाय गंऽऽ, त्याच्या तोंडचं मी सांगून राहिले गंऽऽ."

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, दारातल्या त्याच्या कचेरीच्या माणसांनी सुद्धा. आता हा उठून जाईल, असं मला वाटलं.

त्यानं तांब्या माझ्यापासून लांब सरकवून ठेवला.

"पुन्हा म्हण अक्का," तो म्हणाला. "मोठ्यानं."